उघडं दार म्हणजे आमंत्रण नव्हे

मी संगणक शिकवतो, त्यामुळे एक प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो : ‘इंटरनेटवर सिनेमा असाच उघडा पडलेला असतो. तो उतरवून घेतला तर बिघडलं कुठं?’

आधी हा ‘उघडा’ प्रकार समजून घेऊ. संकेतस्थळ ज्या संगणकावर असतं, त्याला सर्व्हर म्हणतात. त्यातल्या एखाद्या फोल्डरला मुखपृष्ठ नसेल आणि यादी दाखवण्याची सोय चालू राहिली असेल, तर आतल्या फाइलींची यादी कुणालाही दिसते. नाव, तारीख, आकार, बस्स! फाइल तिथं कोणी आणि कशासाठी ठेवली, ते यादी सांगत नाही. तो कुणाचा निष्काळजीपणा असेल किंवा मुद्दाम टाकलेला गळही असेल.

पहिली फसगत नावात होते. विंडोज नेहमीच्या फाइलींच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं. ते आपण बदललं नसेल, तर ‘सिनेमा.एमपी४.ईएक्सई’ ही फाइल आपल्याला नुसती ‘सिनेमा.एमपी४’ दिसते. तिच्यावर टिचकी मारली की सिनेमाऐवजी भलताच प्रोग्रॅम सुरू होतो. आकारही पाहावा. अडीच तासांचा सिनेमा चार-पाच एमबीत मावत नाही. ‘हा सिनेमा पाहण्यासाठी आमचा प्लेअर घ्या’ असा आग्रह झाला, तर तिथूनच मागं फिरावं. व्हीएलसीसारख्या मोफत प्लेअरवर बहुतेक फाइली चालतात.

मोबाइलवर तर धोका थेट खिशाला भिडतो. सिनेमाच्या नावाखाली एपीके फाइल आली आणि आपण तिला एसएमएस वाचायची परवानगी दिली, तर बँकेचा ओटीपी परक्याच्या हाती जाऊ शकतो. फुकटचा सिनेमा मग महिन्याच्या पगाराएवढा महाग पडतो.

आता कायद्याचं. दाराला कुलूप नाही म्हणून घर आपलं होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे जाणूनबुजून हक्कभंग केल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी केलं नसेल, तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, पण गुन्हा तो गुन्हाच.

मग फुकट काहीच पाहायचं नाही का? पाहा की! आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट, तो प्रदर्शित झाला त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा (१९१३) जो भाग आज शिल्लक आहे, तो इंटरनेटवर बिनधोक पाहता येतो. मात्र जुन्या सिनेमातली गाणी आणि पटकथा यांचे हक्क वेगळे असू शकतात, हे ध्यानात ठेवावं. यूट्यूबवर अनेक निर्मात्यांनी आपापल्या अधिकृत चॅनेलवर स्वतःच सिनेमे ठेवले आहेत. प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ हे ॲप सुरू केलं. नवा सिनेमा हवा असेल, तर वर्गणीचं ॲप आहे आणि गावातलं थिएटरही आहे.

फाइल उतरवण्यापूर्वी स्वतःला एवढंच विचारावं : ही ठेवणारा कोण, आणि ती ठेवायचा त्याला हक्क आहे का? उत्तर मिळालं नाही, तर हात आवरावा.