गुबगुबीत अक्षरांचें घराणें

गेल्या वर्षीं परगांवाहून एक पत्रिका आली. आमच्या आबांनीं ती हात लांब करून दूर धरली आणि प्रसन्न मुद्रेनें विचारलें, "कोणाकडलें बारसें आहे हें?" पत्रिका तेराव्याची होती. वारले ते आबांचे शाळासोबती. मजकूर वाचून दाखविल्यावर आबांनीं ती खालीं ठेवली व त्या संध्याकाळीं ते फारसे बोलले नाहींत. त्यांची दृष्टि अधू झाली आहे हें खरें. परंतु या वेळीं अपराध दृष्टीचा नव्हता. मथळ्याचीं अक्षरें इतकीं जाड, गोल व हंसरीं होतीं कीं, शब्द वाचण्यापूर्वींच त्यांनीं आनंदाची वार्ता सांगून टाकली होती.

हें अक्षर आमच्या वाचकांच्या दृष्टीस पडलें नसेल असें होणें कठीण. त्याचें नांव 'बलू'. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या मंडळीनें तें घडविलें आणि २०१६ सालीं तें संगणकावर सर्वांस विनामूल्य मिळूं लागलें. नांव किपलिंगच्या 'जंगल बुक'मधील अस्वलाचें. किपलिंगचा जन्मही मुंबईचाच, १८६५ सालचा, हा योग मौजेचा म्हणावयाचा. अक्षराकडे पाहावें तों अस्वलच आठवतें: अंग भरदार, कोपरे झिजवून मऊ केलेले, आणि चाल किंचित् डुलती.

देवनागरी अक्षर असें लठ्ठ करणें वाटतें तितकें सोपें नाहीं. बोरूनें कित्ता गिरविलेल्यांस ठाऊक आहे कीं, टोकाच्या तिरक्या कापामुळें एक रेघ जाड उतरते व दुसरी बारीक; आपल्या लिपीची शोभा पुष्कळशी या चढउतारावरच अवलंबून असते. सर्वच रेघा जाड करूं गेल्यास जागा पुरेनाशी होते. रोमन 'ओ'च्या पोटांत एकच पोकळी, आणि त्याच्या डोक्यावर कांहीं नाहीं. आपल्याकडे वर शिरोरेषा, तिच्यावर मात्रा व अनुस्वार, खालीं उकार, आणि मध्यें 'ष्ट', 'द्ध' यांसारखीं जोडाक्षरें दाटीवाटीनें बसलेलीं. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांची ओळख तर माथ्यावरच्या लहानशा फटीवर टिकून आहे. जाडी वाढतांना ती फट बुजली कीं धनाचें घन झालेंच! म्हणून असें अक्षर काढणाऱ्यास दोन रेघा मिळतात तेथें जाडी हळूच चोरावी लागते व पोकळ्या मोकळ्या ठेवाव्या लागतात. आणि ही चोरी वाचकाच्या लक्षांत येऊं द्यावयाची नसते.

बलूस भाऊही आहेत, आणि हें ऐकून एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस गंमत वाटेल. गुजरातीसाठीं 'बलू भाई', बंगालीसाठीं 'बलू दा', गुरुमुखीसाठीं 'बलू पाजी', ओडियासाठीं 'बलू भाइना', उर्दूसाठीं 'बलू भाईजान'. मल्याळम लिपीचा 'चेट्टन' म्हणजे थोरला भाऊ, तर तमिळचा 'तंबी', तेलुगूचा 'तम्मुडु' व कन्नडचा 'तम्मा' हे तिघे धाकटे. देवनागरी तेवढी नुसती 'बलू'. प्रत्येक भावास आपल्या लिपीखेरीज रोमनही येतें. आमच्या मतें या अक्षराचा खरा गुण येथें आहे. दुकानाची पाटी पाहा. इंग्रजी नांव धष्टपुष्ट, आणि त्याच्या शेजारीं मराठी नांव उपाशी दिसणारें, हें दृश्य आपण इतक्या वेळां पाहतों कीं त्याचें वैषम्यही वाटेनासें झालें आहे. बलूच्या घरांत मराठीच्या पानांत कमी वाढलेलें नाहीं.

म्हणून पाटी, मुलांच्या पुस्तकाचें मुखपृष्ठ, खाऊच्या पुड्याचें वेष्टण, जत्रेचा फलक, येथें तो खुशाल बसवावा. प्रथम त्याची एकच जाडी होती. नंतरच्या आवृत्तींत साध्यापासून अतिजाडापर्यंत पांच जाड्या झाल्या. तथापि बारीक जाडींतसुद्धां शंभर पानांची कादंबरी आम्ही त्यांत वाचणार नाहीं. जो मनुष्य प्रत्येक वाक्य हंसून बोलतो त्याच्या शेजारीं प्रवासांत किती वेळ बसवेल?

गेल्या महिन्यांत आमच्या पुतणीच्या मुलीचें बारसें होतें. पत्रिकेचा नमुना घेऊन ती आली व म्हणाली, "काका, मथळ्याला हेंच अक्षर घेतलें आहे, चालेल ना?" आम्हीं आनंदानें मान डोलावली. छापलेली पत्रिका आली तेव्हां आबा झोपाळ्यावर होते. चष्म्यावांचून, चार हातांवरून त्यांनीं 'बारसें' हा शब्द वाचला आणि या खेपेस तें बारसेंच होतें. पण छापखानेवाल्यानें हात सैल सोडून खालचा पत्ता व वेळही त्याच जाड अक्षरांत, अगदीं मुंगीएवढ्या आकारांत बसविली होती. आबांनीं चष्मा लावला, भिंग मागविलें, पत्रिका उजेडाकडे तिरपी धरली आणि विचारलें, "अग, वेळ नऊची कीं एकची?" पुतणीनें पाहिलें, आम्हीं पाहिलें. शेवटीं तिला आपल्या सासूबाईंस दूरध्वनि करून विचारावें लागलें.