घाट, घड्याळ आणि गवताचा भारा

महाड-पोलादपूरच्या माणसाला घाट काही नवीन नाही. पुण्याकडे निघालं की वरंध, महाबळेश्वरला आंबेनळी आणि खेड-चिपळूणकडे कशेडी. कशेडीला आता बोगदा झाला, नाहीतर आमची कुठलीही वाट वळणांशिवाय संपत नसे. माझे वडील एस.टी.त ड्रायव्हर होते. घरी त्यांच्या तोंडी एकच नियम असायचा, 'ज्या गेअरने घाट चढलात, त्याच गेअरने उतरा.' मी बी.ए. झालो, कविता लिहू लागलो आणि गाडीच्या वाटेला कधी गेलो नाही. पण घाट चढण्याची रीतसर शर्यत असते, तिला नियम असतात, त्यामागे मोठं शास्त्र असतं आणि त्या शास्त्रावर पोटही भरता येतं, हे मला माझ्या भाच्यामुळे कळलं.

तो इंग्लंडमध्ये शर्यतीच्या गाड्यांच्या कामात इंजिनिअर आहे. सोमवार ते शुक्रवार दुसऱ्यांच्या गाड्या आणि रविवारी स्वतःची जुनी, लहान गाडी घेऊन तो टेकडी चढायच्या शर्यतीत उतरतो. या शर्यतीला 'हिल क्लाइंब' म्हणतात. तो हौशी आहे. आपल्याकडे गणपतीत नाटक बसवणारी मंडळी जशी पदरचे पैसे घालून रंग लावतात, तसाच. प्रवेश फी स्वतःची, टायर स्वतःचे आणि जिंकलंच तर एक पेला. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी बहिणीकडे गेलो होतो, तेव्हा त्याच्या हंगामाची पहिली शर्यत होती. म्हणाला, "मामू, चला. पूर्वी तुम्हीच माझं घड्याळ धरायचात."

त्या घड्याळाची गोष्ट पुढे सांगतो. आधी शर्यत समजून घेऊ.

हिल क्लाइंबमध्ये गाड्या एकमेकींच्या पुढे-मागे धावत नाहीत. रस्त्यावर शर्यत असते ती घड्याळाशी. एकेक गाडी सुटते, चढ चढते आणि वरच्या रेषेवर तिची वेळ नोंदली जाते. हा खेळ मोटारीइतकाच जुना आहे. इंग्लंडमधल्या शेल्सली वॉल्श या टेकडीवर पहिली चढाई १९०५ साली झाली आणि त्याच रस्त्यावर आजही शर्यती होतात. लांबी एक हजार यार्ड, म्हणजे एक किलोमीटरही नाही. उत्तम गाडी ते अंतर तेवीस सेकंदांच्या आत कापते. दुसरं टोक अमेरिकेतल्या पाइक्स पीकचं. तिथली शर्यत १९१६ सालची. अंतर वीस किलोमीटर, वळणं १५६ आणि शेवट ४,३०२ मीटर उंचीवर. सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा चढ १,४४० मीटरचा. पोलादपूरहून महाबळेश्वरला जाताना आपणही बाराशे-तेराशे मीटर चढतो, पण त्यासाठी आपल्याला चाळीसेक किलोमीटरचा रस्ता मिळतो. ते लोक जवळजवळ तेवढीच उंची निम्म्या रस्त्यात गाठतात.

त्या शिखरावर हवा इतकी विरळ की पेट्रोलच्या इंजिनाला श्वास पुरत नाही, त्याची ताकद घटत जाते. विजेच्या मोटारीला श्वासच घ्यावा लागत नाही. म्हणूनच २०१८ साली रोमँ द्यूमा या फ्रेंच चालकाने फोक्सवॅगनच्या विजेवरच्या गाडीने तो डोंगर ७ मिनिटं ५७ सेकंदांत चढला. आठ मिनिटांच्या आत त्याआधी कोणीच पोहोचलं नव्हतं.

भाच्याची शर्यत प्रेस्कॉट नावाच्या टेकडीवर होती. ग्लॉस्टरशर परगण्यातली ही जागा बुगाटी गाड्यांच्या हौशी मालकांच्या क्लबने घेतली आणि १९३८ पासून तिथे शर्यती सुरू झाल्या. रस्ता १,१२७ यार्डांचा. मी गेलो तर एखाद्या जत्रेसारखं वातावरण. झाडाखाली गाड्या उभ्या, कोणी टायरमधली हवा मोजतंय, कोणी चहा पितंय. सत्तरीचे आजोबा आणि विशीतली नात एकाच गाडीचं चाक पुसताहेत. गाड्यांचे गट पाडलेले असतात. रोज रस्त्यावर चालणारी गाडी एका गटात, फक्त शर्यतीसाठी बांधलेली दुसऱ्या गटात. बैलांच्या शर्यतीत आदत आणि चौसा वेगळे धरतात ना, तसंच.

भाच्याची पाळी आली. सुरुवातीची रेघ चढावरच होती, म्हणून गाडी मागे घरंगळू नये यासाठी एका स्वयंसेवकाने मागच्या चाकाला ठोकळा लावला. आपला क्लीनर दगड लावतो तसा. मग हिरवा दिवा लागला. मला वाटलं, दिवा लागताच गाडी सुटायला हवी. पण हा दोन श्वास थांबला. नंतर कळलं की दिवा लागला म्हणजे रस्ता मोकळा आहे, एवढाच त्याचा अर्थ. गाडीच्या पुढे लावलेली एक उभी पट्टी प्रकाशाचा किरण तोडते, तेव्हाच घड्याळ सुरू होतं. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. पहिल्या चौसष्ट फुटांची, म्हणजे साडेएकोणीस मीटरची वेळ वेगळी छापतात. तेवढ्यावरून सुटताना चाकं किती फिरली आणि गाडी किती सरकली, हे इंजिनिअरला कळतं.

त्याला विचारलं, "यात तुझ्या नोकरीतलं शिक्षण कुठे लागतं?" त्याने कागदावर गणित मांडलं, तेही मला समजेल असं.

एक टनाची गाडी दहा मीटरला एक मीटर असा चढ चढत असेल, तर शंभर किलोचा माणूस दोरी बांधून तिला सतत मागे ओढतोय असं समजा. गाडीचं वजन कमी केलं की हा ओढणारा माणूसही हलका होतो. म्हणून इंजिन मोठं करण्याआधी ते वजन काढतात. दुसरी गोष्ट, चढावर गाडीचं वजन मागच्या चाकांवर सरकतं. पुढची चाकं ओढणारी असतील तर ती हलकी होऊन जागच्या जागी फिरतात. मागची चाकं ढकलणारी असतील तर ती जमीन घट्ट धरतात. तिसरी गोष्ट वळणाची. वेग दुप्पट केला की टायरला पकड चौपट लागते. दहा मीटर त्रिज्येचं वळण कोरड्या रस्त्यावर चांगला टायर ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास घेऊ शकतो. ओल्या रस्त्यावर पकड निम्मी झाली तर तेच वळण २५ वर येतं. त्याहून जास्त वेगात गेलात तर चालक कितीही शूर असो, गाडी सरळ जाते.

"म्हणून वळणाआधी हळू, वळणातून बाहेर पडताना जोर," तो म्हणाला. "नाना हेच सांगायचे. त्यांच्याकडे आकडे नव्हते, एवढंच."

आठवडाभर तो हेच काम करतो. शॉकअब्सॉर्बर यंत्रावर हलवून, चाक रस्त्याला किती वेळ चिकटून राहिलं, याचे आलेख वाचतो. ऑक्सफर्ड ब्रूक्स, क्रॅनफिल्ड अशा विद्यापीठांत मोटारस्पोर्ट इंजिनिअरिंगचे पदव्युत्तर अभ्यासक्रमच आहेत. त्यातला एक त्याने पुण्यात पदवी घेतल्यावर केला. शर्यत चालवणारे मूठभर असतात, गाडी मोजणारे, जुळवणारे, तपासणारे शेकडो लागतात. पोट भरतं ते या दुसऱ्या कामावर.

आता घड्याळाची गोष्ट.

भाचा अठरा वर्षांचा होता. मोटारसायकल नवी होती. आंबेनळीतला पाचेक किलोमीटरचा एक टप्पा त्याने नेमला होता. आमची दोघांची घड्याळं आदल्या रात्री रेडिओच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांवर जुळवलेली. सकाळी बरोबर साडेसहाला तो खालून सुटायचा आणि वरच्या वळणावर कठड्याशी बसून मी वेळ लिहायचो. मला त्यात काव्य दिसत होतं. धुक्यातून येणारा आवाज, मग दिवा, मग पोरगा. आठ मिनिटांची साडेसात झाली, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या.

एके दिवशी आवाज आला आणि मधेच थांबला. मी खाली धावलो. दोन वळणं उतरलो तर मोटारसायकल कठड्याला चिकटलेली, भाचा गटारात, खांद्याचं हाड मोडलेलं. रस्त्यात एक बाई उभी होती. डोक्यावरचा गवताचा भारा दरीत गेला होता. तिला चुकवताना हा आपटला होता. तिला खरचटलंही नव्हतं, पण हात थरथरत होते. मी भाऱ्याचे पैसे देऊ लागलो. तिने घेतले नाहीत. एवढंच म्हणाली, "पोराला दवाखान्यात न्या आधी." मी तिचं नावही विचारलं नाही. बहिणीला मी महिनाभर तोंड दाखवलं नाही.

प्रेस्कॉटला मी वळणावळणांवर उभी असलेली माणसं पाहिली. प्रत्येकाच्या हाती झेंडा. एका ठिकाणाहून पुढचं ठिकाण दिसेल अशी त्यांची रचना. पुढे गाडी अडकली, तेल सांडलं, कुत्रं आलं, तर लाल झेंडा आणि मागच्याने तिथल्या तिथे थांबायचं. रुग्णवाहिका उभी, आग विझवायची साधनं जवळ. चालकाच्या अंगात आग न धरणारे कपडे, डोक्याला तपासून मान्य केलेलं शिरस्त्राण. आणि मुख्य म्हणजे रस्ता बंद. वरून कोणी भारा घेऊन येणार नाही, याची आधी खात्री आणि मग शर्यत. मी आंबेनळीत घड्याळ धरून बसलो होतो, तेव्हा यातली एकही गोष्ट तिथे नव्हती.

आपला कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या १८९व्या कलमाप्रमाणे राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तरी पावसाळ्यात आमच्या घाटांत मोबाइल लावून सुसाट जाणारी पोरं दिसतात. २८ जुलै २०१८ रोजी याच आंबेनळीत दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस दरीत कोसळली आणि तीस माणसं गेली. ती शर्यत नव्हती, साधा प्रवास होता. घाट साध्या प्रवासालाही इतका कठीण आहे.

मग वेगाचं वेड असलेल्या पोराने करावं काय? नुसतं दटावून ते जात नाही, हे मी अनुभवाने सांगतो. आपल्याकडे मोटार खेळांची संघटना आहे, तिच्या परवान्याने बंद रस्त्यावर आणि मैदानावर स्पर्धा होतात. इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी २००७ पासून 'बाहा' नावाची स्पर्धा भरते. मुलांनी स्वतः आरेखन करून खडबडीत जमिनीवर चालणारी गाडी बांधायची आणि तिच्या चाचण्या द्यायच्या. चढ चढणं ही त्यातलीच एक. पुण्यात १९६६ पासून वाहन संशोधनाची 'एआरएआय' ही संस्था आहे. आमच्याजवळ लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. ज्याच्या हाताला वेगाची खाज आहे, त्याच्या हातात पाना आणि वही द्या. भाच्याचा खांदा जुळून येईपर्यंत तीन महिने गेले. तेवढ्यात माझ्या ओळखीच्या एका गॅरेजवाल्याने त्याच्याकडून तीच मोडकी मोटारसायकल पूर्ण खोलून परत जोडून घेतली. तिथून पुढचं सगळं झालं.

त्या दिवशी प्रेस्कॉटला भाचा आपल्या गटात मधोमध आला. दुसऱ्या फेरीत पहिल्यापेक्षा अर्धा सेकंद कमी लागला, तर स्वारी खूश. गाडी ट्रेलरवर चढवताना म्हणाला, "मामू, ती बाई पुन्हा कधी दिसली का हो?"

नाही दिसली. पण मी आंबेनळीने वर जातो, तेव्हा त्या दोन वळणांच्या आधी ड्रायव्हरला हॉर्न द्यायला सांगतो. तो माझ्याकडे विचित्र बघतो आणि देतो.