अम्मीच्या मापाचा, अर्ध्या बाहीचा

डिसेंबर-जानेवारीत नाशिकची पहाट चांगलीच झोंबते. फज्रला उठणाऱ्या वडीलधाऱ्यांना स्वेटर हवाच असतो. पण पूर्ण बाहीच्या स्वेटरची एक अडचण घरोघरी ठाऊक आहे. वुजू करताना हात कोपरापर्यंत धुवायचे असतात. कुर्त्याची बाही सहज वर सरकते, लोकरीची मात्र कोपराशी गोळा होते, खाली घसरते आणि भिजते. आमची अम्मी म्हणून स्वेटर काढूनच वुजूला बसायची आणि कुडकुडायची.

आम्ही दोघी बहिणींनी ठरवले, तिच्यासाठी अर्ध्या बाहीचा स्वेटर विणायचा. कुर्त्यावरून घालता येईल, दंड उबदार राहतील आणि कोपरापासून पुढे हात मोकळा. घरात विणकामाचे एक जुने पुस्तक होते. त्यातला ४० इंची छातीचा नमुना निवडला, मध्यम जाडीची लोकर आणली आणि पुस्तकात सांगितले तसे, टाका न टाका मोजून विणला. अम्मीने घालून पाहिला, "छान विणलाय गं," म्हणाली आणि घडी करून ठेवला.

महिन्याभराने कपाट आवरताना तो त्याच घडीत सापडला. अम्मी पहाटे जुनी शाल पांघरूनच वावरत होती. आम्ही काही विचारले की म्हणायची, "आज तेवढी थंडी नाही." शेवटी खालाने सांगितले, "अगं, तो तिला दंडाला आवळतो, खांद्यावरून घसरतो आणि मागून वर चढतो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ती बोलत नाही."

आधी आम्हाला वाटले, वयामुळे अम्मीचे अंगच आता तसे झाले आहे, त्याला आपण काय करणार? पाठीला थोडा पोक आला आहे, दंड भरले आहेत, खांदे अरुंद आहेत. मग लक्षात आले की चूक अंगाची नव्हती. पुस्तक लिहिणाऱ्याने आमच्या अम्मीला पाहिलेले नव्हते, आणि आम्ही पाहत असूनही मोजले नव्हते.

स्वेटर उसवला. उसवलेली लोकर कुरळी होते, तशीच विणली तर टाके वाकडेतिकडे येतात. म्हणून तिच्या सैल लड्या केल्या, चार ठिकाणी दोऱ्याने बांधल्या, कोमट पाण्यात भिजवल्या आणि सावलीत टांगून वाळवल्या. लोकर पुन्हा सरळ झाली.

या वेळी पहिले काम केले ते नमुन्याच्या तुकड्याचे. बहुतेक भगिनी हा तुकडा विणायचा कंटाळा करतात, आम्हीही केला होता. पुस्तकात लिहिले होते की ८ नंबरच्या सुयांवर, एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट विणल्यास ४ इंचांत २२ टाके बसतात. आम्ही ३० टाक्यांचा तुकडा विणला, धुऊन वाळवला आणि मधोमध ४ इंच मोजले. थोरलीच्या हातचे २० टाके भरले. धाकटीने त्याच सुयांवर विणला तर २२! हात सैल-घट्ट असणे हा दोष नाही, पण एका कपड्याला दोन हात लावू नयेत. थोरलीने विणायचे आणि धाकटीने हिशेब करून शिवायचे, असे ठरले.

दोन टाक्यांनी काय बिघडते? हिशेब पाहा. पुस्तकाप्रमाणे इंचाला साडेपाच टाके, म्हणून २० इंचांच्या पाठीला ११० टाके. थोरलीच्या हाताने इंचाला ५ टाके बसतात, म्हणून तेच ११० टाके २२ इंच होतात. पुढचा भागही तेवढाच. ४० इंचांचा स्वेटर ४४ इंचांचा झाला होता! खांदे घसरत होते ते यामुळे.

सुयांच्या नंबराबद्दलही एक सूचना. आपल्याकडे नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर आणि १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. अमेरिकन पुस्तकात हे उलटे असते. तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटर जाड असते. पुस्तक कुठले आहे ते आधी पाहावे आणि मिलिमीटरवर विश्वास ठेवावा.

मग अम्मीला कुर्ता घालूनच उभे केले आणि मापे घेतली. छाती ३८ इंच. एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाठ १४ इंच. दंडाचा घेर १५ इंच. काखेपासून खालच्या कडेपर्यंत १४ इंच. शेवटचे माप आम्ही पूर्वी कधी घेतले नव्हते : मानेच्या हाडापासून पाठीवरून खालच्या कडेपर्यंत. ते भरले साडेतेवीस इंच. पुस्तकात तिथे २२ इंच होते. पोक आलेल्या पाठीवरून कापडाला जास्त वाट चालावी लागते. ते दीड इंच मिळाले नाहीत की मागची कड वर चढते आणि पुढे पोटाशी घोळ जमतो.

आता नवा हिशेब. छाती ३८ इंच, त्यात मोकळेपणासाठी २ इंच, म्हणजे ४०. पाठीला २० इंच, इंचाला ५ टाके, म्हणून १००. शिवणीत जाणारे २ धरून १०२ टाके. १० नंबरच्या सुयांवर एक सुलट-एक उलट अशी दोन इंचांची कड विणली, मग ८ नंबरच्या सुया घेतल्या आणि कडेसकट १४ इंच सरळ विणत गेलो.

मुंढ्याशी खांद्याचे माप लागते. १४ इंचांना ७० टाके हवेत. १०२ मधून ७० वजा केले तर ३२ उरतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी १६-१६ टाके कमी करायचे. आधी दोन्ही बाजूंना ६-६ टाके बंद केले. मग एक ओळ सोडून एक, अशा १० वेळा दोन्ही टोकांना एकेक टाका घटवला. खांदा बरोबर खांद्यावर आला.

पाठीच्या दीड इंचासाठी नुसत्या जास्त ओळी विणून चालत नाही. मग मागचा मुंढाही लांबतो आणि पुढच्या भागाशी जुळत नाही. वाढ फक्त मधोमध हवी. त्यासाठी अपुऱ्या ओळी विणतात. सुईवर ७० टाके राहिल्यावर सुलट ओळ विणताना शेवटचे ६ टाके न विणता ठेवले, लोकर पुढे घेतली, पुढचा टाका न विणता उजव्या सुईवर घेतला, लोकर मागे नेली, टाका परत डाव्या सुईवर ठेवला आणि काम उलटवले. उलट ओळीतही तसेच ६ टाके सोडले. तिथे लोकर आधी मागे आणि मग पुढे. पुढच्या दोन ओळींत १२-१२, मग १८-१८, २४-२४ आणि ३०-३०. मधल्या १० टाक्यांवर अशा १० ओळी जास्त झाल्या. आमच्या हाताने इंचाला ७ ओळी बसतात, म्हणजे जवळजवळ दीड इंच मिळाला. त्यानंतर सगळे टाके पुरे विणताना प्रत्येक वेढा त्याच्या टाक्याबरोबर एकत्र विणला, म्हणजे भोक पडत नाही. ज्यांची छाती भरलेली असते आणि स्वेटर पुढून वर उचलला जातो, त्यांनी याच ओळी पुढच्या भागात, काखेच्या जरा खाली विणाव्यात.

राहिली बाही. पुस्तकातले ७२ टाके आमच्या हाताने सव्वाचौदा इंचांच्या आसपास होतात, आणि दंड १५ इंचांचा. आवळणारच! १६ इंचांचे ८० आणि शिवणीचे २ असे ८२ टाके घेतले. टाके सैल हाताने घातले आणि बारीक सुयांवर फक्त ६ ओळींची कड ठेवली, कारण लांब कड दंडाला घट्ट धरते. बाहीची लांबी कोपराच्या चार बोटे वर. काखेत ६-६ टाके बंद केले, म्हणजे मुंढ्याच्या ६ टाक्यांशी जुळतात. त्यावरचा गोलाकार भाग विणताना अधूनमधून कडेवर टेप फिरवला. बाहीची गोल कड आणि मुंढ्याची कड जवळपास सारखी भरली की शिवताना ओढाताण होत नाही आणि चुण्याही पडत नाहीत. दोन्ही बाह्या एकाच वेळी, दोन गोळे घेऊन, एकाच सुईवर विणल्या. लहान-मोठ्या होण्याची भीती राहिली नाही.

पुढचा भाग पाठीसारखाच, फक्त अपुऱ्या ओळी नाहीत आणि गळा थोडा खोल. शिवण्यापूर्वी सगळे भाग ओले करून टॉवेलवर मापात पसरले आणि वाळू दिले. शिवणीचा दोराही त्याच लोकरीचा आणि हात सैल ठेवला.

या सगळ्याला पहिल्या वेळेपेक्षा एक आठवडा जास्त लागला. त्यातला बराच वेळ टेप, वही आणि पेन्सिल यांचा होता. अम्मीची सगळी मापे आम्ही तारखेसह त्या वहीत लिहून ठेवली आहेत. दर हिवाळ्यात पुन्हा घ्यायची, कारण माप बदलते.

नवा स्वेटर दिला तेव्हाही अम्मी "छान विणलाय" एवढेच म्हणाली. आम्ही या वेळी त्यावर विसंबलो नाही. दुसऱ्या दिवशी फज्रला उठलो तेव्हा ती नळाशी वुजू करत होती. कुर्त्याच्या बाह्या कोपरावर दुमडलेल्या, स्वेटर अंगात, आणि मागची कड कमरेखाली सरळ.

नमाजनंतर जानमाजची घडी करताना ती म्हणाली, "तुमच्या खालालाही एक विणून द्या. तिचा डावा खांदा उतरता आहे. आधी टेप घेऊन जा."