सकाळी गोड खाल्लं तर वजन कमी होतं का?

आजचा विषय जाहीर झाल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून आमच्याकडे येतोय : “म्हणजे सकाळी जिलेबी खायला परवानगी मिळणार ना?” परवानगीचं शेवटी बघू. आधी हा विषय आला कुठून ते बघू.

२०१२ साली जगभरच्या वर्तमानपत्रांत “न्याहारीला केक खा, वजन घटवा” अशा अर्थाच्या बातम्या आल्या. त्यांच्यामागे खरोखरचा एक अभ्यास होता. इस्रायलमधल्या तेल अवीव विद्यापीठाच्या डॉ. डॅनिएला याकुबोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला होता. हा विषय थट्टेवारी नेण्यासारखा नाही, कारण आपल्या देशात आज घरोघरी साखरेचं दुखणं आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात मधुमेह असलेले सुमारे १० कोटी १० लाख लोक आहेत, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले आणखी १३ कोटी ६० लाख. अशा देशात “सकाळी गोड चालतं” हे अर्धवट वाक्य घरात शिरलं, तर त्याची किंमत कोणीतरी मोजणार. म्हणून हा अभ्यास आज आपण नीट उलगडून बघू.

अभ्यासात १९३ माणसं होती. सगळी लठ्ठ, पण मधुमेह नसलेली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्यांचे दोन गट केले. दोन्ही गटांना दिवसभरात सारखेच उष्मांक, म्हणजे आपण ज्याला कॅलरी म्हणतो ते : पुरुषांना १६००, बायकांना १४००. फरक न्याहारीत होता. एका गटाची न्याहारी सुमारे ३०० कॅलरींची, त्यात कर्बोदकं अगदी कमी, १० ग्रॅम, आणि प्रथिनं ३० ग्रॅम. दुसऱ्या गटाची न्याहारी ६०० कॅलरींची, त्यात ६० ग्रॅम कर्बोदकं, ४५ ग्रॅम प्रथिनं, आणि वर एक गोड पदार्थ : चॉकलेट, कुकी, केक, असं काहीतरी.

पहिल्या १६ आठवड्यांत दोन्ही गटांचं वजन जवळजवळ सारखंच उतरलं. एकाचं सरासरी १५ किलो, दुसऱ्याचं साडेतेरा. गंमत झाली ती पुढच्या १६ आठवड्यांत. कमी कर्बोदकांच्या गटाचं वजन परत साडेअकरा किलोंच्या आसपास वाढलं. गोड खाणाऱ्या गटाचं मात्र आणखी जवळजवळ ७ किलो कमी झालं. घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक आहे, जठरातून येतं आणि मेंदूला “भूक लागली” असं सांगतं. मोठ्या न्याहारीनंतर ते ४५ टक्क्यांनी उतरलं, छोट्या न्याहारीनंतर साधारण ३० टक्क्यांनी. अमुकच खावंसं वाटणं, ती वखवख, तीही मोठी न्याहारी करणाऱ्यांत कमी होती.

ज्यांनी ज्यांनी डाएट केलंय त्यांना हे लगेच पटेल. वजन उतरवणं त्यामानाने सोपं, ते टिकवणं कठीण. आणि टिकत का नाही, तर चार महिने मन मारून राहिलेला माणूस एका संध्याकाळी डबा उघडतो आणि मग थांबत नाही. या अभ्यासातली मोलाची गोष्ट हीच आहे.

आता प्रश्न असा की श्रेय कोणाला द्यायचं? बातम्यांनी ते केकला देऊन टाकलं. पण बघा, दोन न्याहाऱ्यांमध्ये फक्त केकचा फरक होता का? नाही. एक दुसरीच्या दुप्पट होती. प्रथिनं दीडपट. कर्बोदकं सहापट. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर त्यातल्या कुठल्या गोष्टीनं काम केलं हे सांगता येत नाही. केकचाच गुण तपासायचा असता तर सगळं सारखं ठेवून एका गटाला केक आणि दुसऱ्याला तेवढ्याच कॅलरींची भाकरी द्यावी लागली असती. तसं इथे केलेलं नव्हतं.

आणि बातमीतून गळलेली आणखी एक गोष्ट. सकाळी ६०० खर्च झाले की बायकांना उरलेल्या दिवसाला ८०० उरतात. म्हणजे केक वरकड नव्हता, दिवसाच्या हिशोबातून कापून दिलेला होता. रात्रीचं जेवण आहे तेवढंच ठेवून सकाळी गोड सुरू केलं, तर तो हा प्रयोग नव्हे. ते नुसतं जास्त खाणं झालं.

मग सकाळच्या वेळेचं काहीच महत्त्व नाही का? आहे. आपल्या शरीरात एक घड्याळ आहे. निरोगी माणसानं तेच जेवण सकाळी घेतलं आणि तेच रात्री घेतलं, तर रात्री रक्तातली साखर जास्त वर जाते आणि जास्त वेळ वर राहते. रात्री मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक वाढतं आणि त्याच्या प्रभावाखाली स्वादुपिंड इन्सुलिन देताना हात आखडतं. त्यामुळे गोड खायचंच असेल तर रात्री साडेदहाच्या आईस्क्रीमपेक्षा सकाळ बरी, एवढं म्हणायला आधार आहे.

पण सकाळी खाल्लेल्या कॅलरी जास्त जळतात का? स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमध्ये ३० जणांवर झालेला एक काटेकोर प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच लोकांना चार आठवडे मोठी न्याहारी आणि छोटं रात्रीचं जेवण दिलं, आणि चार आठवडे उलट. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं, साधारण सव्वातीन-साडेतीन किलो. मात्र मोठ्या न्याहारीच्या काळात भूक कमी लागली. म्हणजे सकाळचं खाणं जादूनं जळत नाही. ते दिवसभराची भूक आवरतं. आणि भूक आवरली की पथ्य पाळणं जमतं.

आता आपल्या ताटाकडे येऊ. सकाळी गोड ही आपल्याला नवलाई नाही. दिवाळीत अभ्यंगस्नान झालं की फराळाला लाडू-करंजी असतेच. गोव्यात नरकचतुर्दशीला दूध-गुळाचे पोहे होतात. इंदूरच्या मराठी घरांत तर पोहे-जिलेबी ही जोडीच ठरलेली. पण त्या अभ्यासातल्या न्याहारीत ४५ ग्रॅम प्रथिनं होती. आपल्या एका बशी पोह्यांत किती? शेंगदाणे धरून जेमतेम पाच-सहा ग्रॅम. त्यावर जिलेबी म्हणजे पिठूळावर साखर. तेल अवीवची न्याहारी ती नव्हे.

शिवाय आपण रोज सकाळी गोड खातोच, फक्त त्याला गोड म्हणत नाही. दिवसाला चार कप चहा, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे, ३५ ते ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमल्यास ५ टक्के. ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. ते चहातच संपले. बिस्किटं अजून मोजलीच नाहीत.

तेव्हा या अभ्यासातून घ्यायचं ते असं. न्याहारी पोटभर करा आणि तिच्यात प्रथिनं वाढवा : अंडी, मोड आलेली मटकी, पनीर, दही, मुगाचं धिरडं. रात्रीचं जेवण हलकं करा. गोडाची फारच ओढ असेल तर लहानसा तुकडा सकाळी, न्याहारीच्या शेवटी, आणि त्या दिवशी चहा बिनसाखरेचा. मन मारून मग रात्री तुटून पडण्यापेक्षा ते बरं.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : आमच्या आईला मधुमेह आहे. ती रोज सकाळी थोडा शिरा मागते. द्यावा का?

उत्तर : मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते इथे लागतं. त्या अभ्यासात मधुमेही नव्हते. शिवाय बऱ्याच मधुमेहींची साखर पहाटे आपोआप वर जाते आणि न्याहारीनंतर आणखी चढते. त्यामुळे “सकाळ बरी” हा नियम आईंना जसाच्या तसा लावू नका. रोज शिरा नको. सणावाराला द्यायचाच तर दोन चमचे, आधी भाजी, अंडं किंवा उसळ खाऊन झाल्यावर. न्यूयॉर्कमध्ये ११ मधुमेहींवर झालेल्या २०१५ च्या एका छोट्या अभ्यासात भाजी आणि प्रथिनं आधी आणि पाव-रस नंतर दिल्यावर तासाभरानंतरची साखर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी दिसली. घरी ग्लुकोमीटर असेल तर दोन तासांनी मोजा. आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा, प्रमाण काहीही बदलण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : साखरेऐवजी गूळ घातला तर?

उत्तर : गूळ चवीला वेगळा, पण रक्ताला तो साखरच. प्रमाणाचा हिशोब तोच ठेवा.

प्रश्न : मग जिलेबीला परवानगी आहे की नाही?

उत्तर : आहे. रविवारी, एक, उसळीनंतर. आणि रात्रीच्या जेवणातली एक पोळी कमी करून.