सुवाह्य सॉफ्टवेअर आणि मागे उरणाऱ्या खुणा

जे सॉफ्टवेअर संगणकावर रीतसर बसवावे लागत नाही, पेन ड्राइव्हमधून थेट चालते आणि काम संपताच ड्राइव्हबरोबर निघून जाते, त्याला आपण येथे ‘सुवाह्य’ म्हणू. असे सॉफ्टवेअर यजमान संगणकावर काहीही मागे ठेवत नाही, असा दावा त्याच्याविषयी हमखास केला जातो. हा दावा तपासता येतो. मात्र त्यात दोन निराळी विधाने मिसळलेली आहेत, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. ‘सॉफ्टवेअरने काही मागे ठेवले नाही’ हे एक, आणि ‘संगणकावर काही मागे राहिले नाही’ हे दुसरे. पहिले पुष्कळदा खरे असते. दुसरे विंडोज प्रणालीवर जवळजवळ कधीच खरे नसते.

भिलाईसारख्या पोलादनगरीत हा भेद समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. कारखान्यात आलेला पाहुणा एक खिळाही न सांडता परत गेला, तरी फाटकावरच्या वहीत त्याचे नाव आणि वेळ उरतेच. ती नोंद पाहुण्याने केलेली नसते. फाटकाने केलेली असते.

पेन ड्राइव्ह २००० साली बाजारात आला आणि २००४ मध्ये जॉन हॅलर यांनी फायरफॉक्स या न्याहाळकाची सुवाह्य आवृत्ती तयार केली. तेव्हापासून सुपेला किंवा पॉवर हाउस भागातील एखाद्या टंकलेखनाच्या दुकानात जाऊन, तेथील संगणकावर स्वतःचे सॉफ्टवेअर वापरून अर्ज लिहिणे किंवा बँकेचे खाते पाहणे शक्य झाले आहे. आपल्यानंतर त्याच खुर्चीवर कोण बसणार हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून काय उरते, हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाही.

आता तपासणीकडे वळू. विंडोज आपल्या बहुतेक मांडण्या ‘रजिस्ट्री’ नावाच्या एका मध्यवर्ती कोशात ठेवते. (मराठी वाचकाला या शब्दाने टपालाची किंवा जमिनीच्या दस्ताची आठवण होईल, ती अगदीच गैरलागू नाही, कारण येथेही काम नोंदीचेच आहे.) रेगशॉट नावाची छोटी आज्ञावली या कोशाची एक प्रतिमा आधी आणि एक नंतर घेते व दोहोंतील फरक दाखवते. सांगितल्यास ती निवडक फोल्डरांचीही अशीच तुलना करते. प्रोसेस मॉनिटर हे दुसरे साधन निराळ्या रीतीने चालते : कोणत्या आज्ञावलीने कोणत्या क्षणी कोणती फाइल किंवा नोंद वाचली अथवा लिहिली, हे ते घडत असतानाच टिपते. ते सिसइंटर्नल्स या संचातले असून मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी उभारलेला हा संच २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला.

साधने हाती आली म्हणजे तपासणी झाली असे मात्र नाही. नवशिका दोन प्रतिमांची तुलना करतो, शेकडो फरक पाहतो आणि सारा दोष सुवाह्य सॉफ्टवेअरच्या माथी मारतो. वस्तुतः विंडोज क्षणभरही स्वस्थ बसत नाही. ती घड्याळ जुळवते, अद्ययावत होते, आपल्या अंतर्गत नोंदी लिहीत राहते. म्हणून आधी एक कोरा प्रयोग करावा लागतो. सॉफ्टवेअर न चालवता तेवढाच वेळ जाऊ द्यावा आणि त्या काळातले फरक बाजूला काढावेत. मग केवळ पेन ड्राइव्ह लावून काढावा आणि पुन्हा पाहावे. तिसऱ्या खेपेस सॉफ्टवेअर चालवावे. नुसते उघडून बंद न करता त्यात एखादी फाइल जतन करावी, छपाई करावी, एखादी मांडणी बदलावी, कारण पुष्कळ नोंदी त्याच वेळी होतात. प्रत्येक खेपेची सुरुवात सारख्याच अवस्थेतून व्हावी यासाठी आभासी संगणक सोयीचा पडतो. त्याची अवस्था गोठवून ठेवता येते आणि हवी तेव्हा परत आणता येते. शिवाय प्रोसेस मॉनिटर स्वतःच आपला एक चालक प्रणालीत चढवतो. तेव्हा हा उद्योग दुसऱ्याच्या संगणकावर करू नये.

पहिल्या दोन खेपांतील फरक वजा करून जे उरते त्यातही दोन जाती आढळतात. पहिली सॉफ्टवेअरची स्वतःची : तात्पुरत्या फाइली, वापरकर्त्याच्या फोल्डरातील मांडण्या, रजिस्ट्रीतील एखादी शाखा. उत्तम सुवाह्य आवृत्त्या सुरू होताना यजमानाची मूळ नोंद बाजूला ठेवतात आणि बंद होताना ती पूर्ववत करतात. ही आवराआवर बंद होतानाच होते, हे विसरू नये. सॉफ्टवेअर चालू असताना कोणी ड्राइव्ह उपटून काढला, तर अर्धवट पसारा तसाच राहतो; तपासणीत हीही एक खेप घ्यावी.

दुसरी जात फाटकावरच्या वहीची. पेन ड्राइव्ह लावला की त्याचा निर्माता, प्रकार आणि बहुधा अनुक्रमांकही रजिस्ट्रीत नोंदला जातो, आणि तो प्रथम केव्हा लागला याची वेळ प्रणालीच्या एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिली जाते. आज्ञावली पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावी म्हणून विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून, प्रीफेच नावाच्या फोल्डरात तिच्या नावाची फाइल तयार होते. कोणती आज्ञावली किती वेळा उघडली, याचीही एक यादी असते. तिच्यातील नावे मात्र प्रत्येक रोमन अक्षर तेरा घरे सरकवून लिहिलेली असतात. हे गुपित शाळकरी मुलालाही उलगडावे! यांपैकी काहीही सुवाह्य सॉफ्टवेअरने लिहिलेले नसते आणि म्हणून ते पुसण्याची जबाबदारीही ते घेत नाही. व्हेराक्रिप्ट हे सांकेतिकीकरणाचे सॉफ्टवेअर या बाबतीत प्रामाणिक आहे : ते सुवाह्य रीतीने चालवले तरी रजिस्ट्रीवरून ते चालल्याचे कळू शकते, असे त्याच्या माहितीपत्रकातच सांगितले आहे.

मराठी लिहिणाऱ्याच्या वाट्याला आणखी एक खूण येते. १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि मराठी या भागाला परकी नाही. परंतु भिलाईतील दुकानातल्या संगणकावर सहसा इंग्रजी आणि हिंदी याच कळफलकांची सोय असते. मराठी कळफलक जोडला की त्याचा क्रमांक त्या वापरकर्त्याच्या रजिस्ट्रीत बसतो. विंडोजमध्ये हिंदीचा भाषाक्रमांक १०८१ आणि मराठीचा ११०२. सॉफ्टवेअर ड्राइव्हबरोबर गेले तरी ११०२ तेथेच राहतो, कारण तो आपण हाताने जोडलेला असतो आणि हातानेच काढावा लागतो.

यजमानाच्या वहीत नोंदच होऊ नये असे वाटत असेल, तर त्याची विंडोज सुरूच न करता ड्राइव्हवरील स्वतंत्र प्रणालीवरून संगणक चालू करणे हा खरा उपाय. अर्थात मालकाची अनुमती घेऊन.

न्यायालयात मात्र याच खुणांना उलट मोल येते. जप्त केलेल्या संगणकात तपासनीसाने आपला पेन ड्राइव्ह लावून एखादे सुवाह्य साधन चालवले, तर त्याच्याही नोंदी त्याच वहीत होतात आणि मूळच्या नोंदींत मिसळतात. म्हणून शास्त्रशुद्ध परीक्षणात चकती लेखन रोखणाऱ्या उपकरणामार्फत जोडतात, तिची प्रत काढतात आणि तिच्या मजकुरावरून गणिताने ‘हॅश’ नावाची एक लांबलचक संख्या काढतात. मजकुरात एका अक्षराचा बदल झाला तरी ही संख्या पार बदलते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्राचा नमुना जोडला आहे. त्यात ही संख्या आणि ती कोणत्या रीतीने काढली हे नमूद करावे लागते.