डोंगरावरचे गाजर

महाबळेश्वरचे गाजर आपल्यापैकी कोणी विसरले असेल असे वाटत नाही. सहलीहून परतताना पाल्यासकट जुडी पिशवीत असायचीच. तशी गाजरे आम्ही डर्बीशरच्या डोंगराळ भागात, बक्स्टनच्या आमच्या परसात लावायला निघालो आणि पहिली दोन वर्षे साफ फसलो.

भूगोल शिकविण्यात आयुष्य गेले, पण चूक झाली ती भूगोलाचीच. महाबळेश्वर १,३७२ मीटर उंच, बक्स्टन जेमतेम ३००; मग थंडीची काय मातब्बरी, असा आमचा हिशेब. पण महाबळेश्वर १८ अक्षांशाजवळ आहे आणि बक्स्टन ५३ वर. इथे मे महिन्यातही एखाद्या पहाटे दव गोठते. पाकिटावर मार्च लिहिले होते म्हणून आम्ही मार्चमध्ये पेरले. मातीची उष्णता ५ अंश सेल्सिअस असेल तर गाजराचे बी उगवायला सुमारे ५० दिवस घेते. १५ अंशांना १० दिवस पुरतात. तितके दिवस गार, ओल्या मातीत पडून आमचे बहुतेक बी कुजले. आता मेअखेरपर्यंत आम्ही पाकीट उघडतसुद्धा नाही. उशीर होतो खरा, पण उशिराचे पीक लवकरच्या पिकाला गाठते.

दुसरा शत्रू म्हणजे गाजरमाशी. ती रोपाच्या बुडाशी अंडी घालते आणि अळ्या गाजर पोखरतात. दाट उगवलेली रोपे उपटून विरळ करू लागलो की पाल्याचा वास सुटतो, आणि त्या वासावर ती येते. म्हणून बी मुळातच पातळ पेरावे. ही माशी बहुधा जमिनीलगतच उडते. गुडघ्यांनी संप पुकारल्यावर आम्ही कमरेएवढ्या उंचीची लाकडी पेटी करून घेतली, ती खरे तर वाकावे लागू नये म्हणून. माशीचा त्रास कमी झाला तो वरकड नफा! पेटीत चाळलेली माती आणि वाळू घालावी. दगड लागला किंवा ताजे शेणखत पडले तर गाजराला दोन-तीन पाय फुटतात. जात आखूड घ्यावी. आम्ही शान्तने लावतो.

थंडीचा एक उपकार मात्र मानायला हवा. गारठा वाढला की गाजर आपल्यातल्या पिष्टाची साखर करते, कारण साखरेचे पाणी सहजी गोठत नाही. त्यामुळे सगळी गाजरे एकदम काढू नयेत. वर पेंढा अंथरावा आणि लागतील तशी उपटावीत.

हिब्रूत गाजराला गेझेर म्हणतात, कानाला अगदी घरचा शब्द. नव्याच्या सणाला पेटीतली पहिली गाजरे निघतात. त्यांचा हलवा आम्ही नारळाच्या दुधात करतो, म्हणजे मटणाच्या जेवणावरही चालतो. त्या हलव्याला साखर नेहमीची घालावी. हनुक्काला काढलेल्या गाजरांना मात्र आधी चव पाहून, हात आखडता घेऊन.