डिलीट केला तरी परत येणारा व्हायरस: घरच्या कॉम्प्युटरवर धंदा चालवणाऱ्यांनी नेमकं काय करायचं?



मसाले, टेलरिंग, क्लासेस, ऑनलाइन साड्या, धंदा कुठलाही असो, सुरुवातीला आपलं ऑफिस म्हणजे घरातला एकच कॉम्प्युटर. सकाळी त्यावर बिलं निघतात, दुपारी मुलं गेम खेळतात आणि रात्री जीएसटीचं रिटर्न भरलं जातं. म्हणून त्यात व्हायरस शिरला तर तो फक्त मशीनचा आजार राहत नाही. तुमचा बँकेचा पासवर्ड, ग्राहकांचे नंबर, तीन वर्षांची उधारी, सगळं त्याच्या हाताशी असतं.

आज आपण बोलणार आहोत हट्टी व्हायरसबद्दल. म्हणजे सकाळी काढला, संध्याकाळी परत हजर.

सगळ्यात ओळखीचा नमुना घ्या. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आलात, पेनड्राइव्ह लावला, तर सगळ्या फोल्डरच्या जागी शॉर्टकट. चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा बाण, साइज जेमतेम एक-दोन केबी. तुमचे खरे फोल्डर गेलेले नसतात, ते लपवलेले असतात. तुम्ही शॉर्टकटवर क्लिक करता, फोल्डर उघडतोसुद्धा, पण त्याच क्लिकने व्हायरसही सुरू होतो. पूर्वी पेनड्राइव्ह लावल्या लावल्या व्हायरस आपोआप चालायचा. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमध्येही ती सोय बंद केली. तेव्हापासून त्याला तुमच्या बोटाची गरज लागते, म्हणून हे फोल्डरचं सोंग.

आता तो परत का येतो? कारण त्याचे तीन भाग असतात. एक खुद्द फाइल. दुसरा, कॉम्प्युटर सुरू झाला की त्या फाइलला उठवणारी नोंद. तिसरा, बाहेरून पुन्हा माल पुरवणारा, म्हणजे तोच पेनड्राइव्ह किंवा ते फुकटचं क्रॅक सॉफ्टवेअर. आपण फाइल डिलीट करतो आणि खूश होतो. बाकीचे दोघे तिथेच बसलेले असतात.

तर कामाला लागू या. आधी इंटरनेट तोडा, वायफाय बंद किंवा केबल बाहेर. त्या कॉम्प्युटरवर बँक, यूपीआय, जीएसटी पोर्टल काहीही उघडायचं नाही. पासवर्ड बदलायचे ते मोबाइलवरून, आणि पहिला नंबर ईमेलचा, कारण बाकी बऱ्याच खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच रीसेट होतात. मग बँक, मग जीएसटी. जिथे "सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा" अशी सोय असेल तिथे तेही करा. मोबाइलमधल्या व्हॉट्सअॅपच्या लिंक्ड डिव्हाइसेसमधून हा कॉम्प्युटर काढून टाका. बरेच लोक सफाईत दिवस घालवतात आणि पासवर्ड तसेच ठेवतात. हे म्हणजे चोराला घराबाहेर काढायचं आणि किल्ली त्याच्याकडेच ठेवायची.

आता पंधरा मिनिटं नेट जोडा. विंडोज सिक्युरिटी उघडा, त्यात व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये प्रोटेक्शन अपडेट्स घ्या आणि नेट परत बंद करा. मुदत संपलेला दुसरा अँटिव्हायरस पडून असेल तर तो आधी अनइन्स्टॉल करा. दोन अँटिव्हायरस एकदम ठेवले म्हणजे दुप्पट सुरक्षा, हा गैरसमज आहे. दोघं एकमेकांच्या पायात येतात.

मग तिथेच स्कॅन ऑप्शन्समध्ये सगळ्यात खाली ऑफलाइन स्कॅन दिसेल. उघडी कामं सेव्ह करा आणि तो चालवा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होईल आणि साधारण पाव तासात काम उरकेल. नेहमीच्या स्कॅनला जे जमत नाही ते याला का जमतं? नेहमी विंडोज चालू असतं, म्हणजे व्हायरसही जागा असतो. एक फाइल काढेपर्यंत तो दुसरी बनवतो. ऑफलाइन स्कॅनमध्ये विंडोज सुरूच झालेलं नसतं. हट्टी व्हायरससाठी मला हाच उपाय सगळ्यात जास्त आवडतो, आणि तो फुकट आहे.

स्कॅननंतर उठवणारी नोंद शोधायची. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात स्टार्टअप अॅप्स बघा. अनोळखी नाव दिसलं की मोबाइलने फोटो काढा आणि ते डिसेबल करा. मग स्टार्ट मेनूत टास्क शेड्युलर शोधा. दर काही मिनिटांनी चालणारं आणि अॅपडेटा फोल्डरमधल्या विचित्र नावाच्या फाइलकडे बोट दाखवणारं काम दिसलं तर संशय घ्या. एक सांभाळा: 'डब्ल्यूस्क्रिप्ट' नावाचा प्रोग्राम दिसेल, तो विंडोजचाच आहे, तो उडवू नका. व्हायरस त्याला फक्त कामाला लावतो. तो ज्या स्क्रिप्ट फाइलला चालवतोय ती काढायची.

पेनड्राइव्ह विसरलात तर सगळं पाण्यात. डबल क्लिक करायचं नाही. आधी त्यावर राइट क्लिक करून स्कॅन करा. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या आणि सिस्टिम फाइल दिसतील अशी सेटिंग करा. खरे फोल्डर फिकट रंगात दिसतील. कॉम्प्युटरवर नवीन फोल्डर बनवून त्यांच्या आतल्या फक्त कामाच्या फाइल तिकडे कॉपी करा आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट मारा. घरात चार पेनड्राइव्ह असतील तर चारही तपासा.

इथे धंद्याच्या नजरेने एक गोष्ट सांगतो. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलाश काटकर यांच्याकडे पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीला येऊ लागले, त्यातले कितीतरी व्हायरसने बिघडलेले. धाकटे बंधू संजय यांनी ते साफ करणारे प्रोग्राम लिहिले. त्यातून 'क्विक हील' उभी राहिली आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. तीच तक्रार घेऊन ग्राहक परत परत येत असेल तर नीट कान देऊन ऐका.

असो. आता खरा प्रश्न: किती वेळ झुंजायचं? माझं मत स्पष्ट आहे, तीन तास. समजा तुमच्या दिवसाची कमाई १,५०० रुपये आहे. चार दिवस व्हायरसच्या मागे गेले तर ६,००० रुपये गेले, वर ऑर्डर चुकल्या त्या वेगळ्या. तीन तासांत सुटलं नाही, किंवा व्हायरस टास्क मॅनेजर आणि विंडोज सिक्युरिटी उघडूच देत नसेल, तर सरळ फॉरमॅट.

फॉरमॅटआधी डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या: एक्सेल, पीडीएफ, फोटो, टॅलीचा डेटा फोल्डर. सेटअप फाइल, प्रोग्राम, शॉर्टकट अजिबात नाही. टॅली वापरत असाल तर आधी तुमच्या टॅलीवाल्याला फोन करा. लायसन्स सरेंडर न करता फॉरमॅट मारलं की नंतर डोकेदुखी होते.

घरी येणारा मुलगा "सगळं टाकून देतो साहेब" म्हणाला तर विचारा, विंडोज ओरिजिनल का क्रॅक? क्रॅक चालवताना पहिली सूचना काय असते, आठवा: अँटिव्हायरस बंद करा. म्हणजे पैसे देऊन तोच दरवाजा परत उघडायचा. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा मशीन झेपत असेल तर याच वेळी ११ टाकून घ्या.

दोन प्रकार मात्र वेगळे आहेत. फाइलची नावं बदलली आणि "पैसे भरा, मगच फाइल उघडतील" अशी चिठ्ठी आली तर ते रॅन्समवेअर. घाईने फॉरमॅट करू नका, पैसेही भरू नका. लॉक झालेल्या फाइल जपून ठेवा. 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर काही प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात. दुसरा प्रकार म्हणजे स्क्रीनवर मोठ्ठी सूचना आणि खाली हेल्पलाइन नंबर. तो नंबर फसवणूक करणाऱ्यांचा असतो. फोन करायचा नाही, रिमोट अॅप तर अजिबात टाकायचं नाही. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा आणि बँकेला कळवा. इथे मिनिटं मोजावी लागतात.

कॉम्प्युटर साफ झाला की मुलांसाठी वेगळं स्टँडर्ड अकाउंट बनवा आणि अॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडेच ठेवा. झेरॉक्सवाल्याला पेनड्राइव्हऐवजी पीडीएफ व्हॉट्सअॅपवर पाठवा. दर शनिवारी टॅलीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि बॅकअप झाला की डिस्कची वायर काढून ती कपाटात ठेवा. लावून ठेवलेल्या डिस्कवर व्हायरस कॉम्प्युटरइतक्याच सहज पोचतो.